अनोळखी वस्तूपुढे बौद्धाने कसे उभे राहावे?



समुद्राच्या लाटांनी एखादी वस्तू किनाऱ्यावर आणून टाकावी, ती काय आहे हे कोणालाच सांगता येऊ नये, आणि पाहता पाहता तिच्याभोवती शंभर माणसांच्या शंभर कल्पना उभ्या राहाव्यात, असे जगात पुष्कळदा घडते. अशा वेळी माणसाचे मन कसे चालते हे नीट पाहिले, तर धम्मातला एक फार मोठा प्रश्न आपल्यासमोर येतो. जे आपल्याला माहीत नाही, त्याच्यापुढे माणसाने कसे वागावे, हा तो प्रश्न होय. तुम्ही म्हणाल, आम्ही कालपरवा दीक्षा घेतलेली साधी माणसे. आमच्या गावापासून समुद्र शेकडो मैल दूर. या गोष्टीशी आमचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो थेट तुमच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचतो. तो कसा, हेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत ऐका. ऑस्ट्रेलिया खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्थ शहराच्या उत्तरेस सुमारे २५० किलोमीटरवर, ग्रीन हेड नावाचे एक छोटे गाव आहे. जुलै २०२३ च्या मध्यास त्या गावाजवळच्या वाळूत एक भले मोठे नळकांडे येऊन पडले. रुंदी सुमारे अडीच मीटर, लांबी अडीच ते तीन मीटर. एका बाजूने तुटलेले, आणि त्याच्या अंगावर, होडीच्या बुडाला चिकटतात तसले शिंपल्यांसारखे जीव चिकटलेले. गावकरी जमले. बातमी जगभर गेली, आणि तर्कांना ऊत आला.

कोणी म्हणाले, हा बेपत्ता विमानाचा तुकडा आहे. ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशियाचे एक विमान २३९ माणसांसह नाहीसे झाले होते. त्याचाच हा भाग, असे त्यांनी ठरवून टाकले. कोणी म्हणाले, १४ जुलैला भारताने चांद्रयान-३ सोडले, त्याच्याच अग्निबाणाचा हा तुकडा. कोणाला तो बॉम्ब वाटला, तर कोणाला परग्रहावरून आलेली वस्तू. ज्याच्या मनात जे भय किंवा जी हौस होती, तेच त्याला त्या नळकांड्यात दिसले. वस्तू एकच होती. पाहणाऱ्यांची मने मात्र अनेक होती.

आता तेथील पोलिसांनी काय केले ते पाहा. वस्तू धोकादायक असू शकेल, एवढे मानून त्यांनी लोकांना दूर राहण्यास सांगितले आणि पहारा बसविला. ती धोकादायक आहेच, असे मात्र ते म्हणाले नाहीत. नंतर रासायनिक तपासणी झाली आणि लोकांना धोका नाही असे जाहीर करण्यात आले. पुढे ३१ जुलै २०२३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने आपला निष्कर्ष सांगितला. हे नळकांडे बहुधा भारताच्या पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा अवशेष आहे, असा तो निष्कर्ष होता. पीएसएलव्हीचे चार टप्पे असतात. एकेक टप्प्याचे इंधन जळून संपले की ते रिकामे कवच गळून खाली पडते. असेच एक कवच समुद्रात तरंगत तरंगत त्या किनाऱ्याला लागले होते. चांद्रयान-३ ज्या अग्निबाणावर गेले तो एलव्हीएम-३, तो निराळा. आणि जो जीव अंगावर वाढायला बराच काळ लागतो, तो दोन दिवसांपूर्वी उडालेल्या अग्निबाणावर कसा वाढेल, हा प्रश्न विचारला असता तर त्या तर्काचे उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले असते. उत्तर त्या वस्तूच्या अंगावरच चिकटलेले होते. पाहणाऱ्याने कल्पनेकडे न पाहता वस्तूकडे पाहावयास हवे होते, इतकेच.

बंधूंनो, त्या संस्थेने वापरलेला ‘बहुधा’ हा शब्द ध्यानात ठेवा. ज्यांनी तपास केला ते ‘बहुधा’ म्हणाले. ज्यांनी काहीच तपासले नव्हते ते ‘नक्की’ म्हणत होते. अज्ञानाचा आवाज नेहमी मोठा असतो, आणि ज्ञान आपली मर्यादा सांगूनच बोलते. यापुढे कोणी भगत, कोणी बुवा, कोणी ज्योतिषी तुमच्यापुढे छातीठोकपणे बोलू लागला, तर हा ‘बहुधा’ आठवा आणि त्याला विचारा, “बाबा, हे तुला कशावरून कळले?”

कोणी म्हणेल, लोकांनी चार कल्पना लढविल्या तर बिघडले काय? घटकाभर करमणूक झाली! येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. त्या विमानातील २३९ माणसांना आई-बाप होते, बायका-मुले होती. आपली माणसे कोठे गेली हे न कळल्यामुळे ती वर्षानुवर्षे झुरत होती. प्रत्येक वेळी समुद्राने काही बाहेर टाकले आणि कोणी उठून ‘हे त्याच विमानाचे’ असे ओरडले, की त्या घरांमध्ये काय होत असेल याचा विचार करा. भगवान बुद्धांनी सम्यक वाचा अष्टांगिक मार्गात उगाच ठेवलेली नाही. जे खरे आहे असे आपल्याला ठाऊक नाही, ते खरे म्हणून बोलणे हा केवळ बुद्धीचा दोष नव्हे. तो दुसऱ्याच्या दुःखावर घातलेला घाव आहे.

आणि याच हिंदी महासागराने दुसरीही एक वस्तू बाहेर टाकली होती. जुलै २०१५ मध्ये रेयुनियॉं बेटावर किनारा साफ करणाऱ्या कामगारांना विमानाच्या पंखाचा एक भाग सापडला. तेव्हाही तर्क झाले. पण तज्ज्ञांनी त्या भागावरचे क्रमांक तपासले, ते नोंदींशी ताडून पाहिले, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये फ्रान्सच्या सरकारी वकिलांनी जाहीर केले की हा तुकडा त्याच बेपत्ता विमानाचा आहे. एके ठिकाणी तर्क खोटा ठरला, दुसरीकडे खरा ठरला. दोन्हीकडे निर्णय मात्र तपासाने दिला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शंका घेणारा माणूस प्रत्येक गोष्ट खोटीच मानतो, असा आरोप बौद्धांवर केला जातो, तो चुकीचा आहे. खऱ्याला खरे म्हणता यावे, यासाठीच तर तपास करावयाचा असतो.

मग अंदाज करणे हेच पाप आहे काय? नाही. अंदाजावाचून शोध सुरूच होत नाही. पण अंदाज हा हातात धरलेल्या कंदिलासारखा असावा. वाट दिसली नाही तर तो दुसरीकडे फिरवता आला पाहिजे. १८९६ साली अमेरिकेत फ्लॉरिडाच्या सेंट ऑगस्टीन येथील किनाऱ्यावर एक प्रचंड मांसल गोळा वाहून आला. ॲडिसन व्हेरिल नावाच्या नामांकित प्राणिशास्त्रज्ञाने प्रथम सांगितले की हा अजस्र अष्टपाद प्राणी आहे. त्याने त्याला शास्त्रीय नावही देऊन टाकले. पण मांसाचे नमुने हाती आल्यावर १८९७ मध्ये त्यानेच आपले मत मागे घेतले आणि हा देवमाशाचा अवशेष असावा असे जाहीर केले. त्यानंतरही अष्टपादाची कथा लोकांनी सोडली नाही. २००३ साली दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या किनाऱ्यावर असाच एक गोळा आला आणि पुन्हा तीच चर्चा उसळली. अखेर २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी चिलीचा गोळा आणि जुने जपून ठेवलेले नमुने एकत्र तपासले. सारे देवमाशाचेच निघाले. व्हेरिलने अंदाज केला यात दोष नव्हता, आणि पुराव्यापुढे त्याने तो सोडला यात त्याचा मोठेपणा होता. भगवंतांनी उपादानाचे प्रकार सांगितले, त्यांत मताला चिकटून राहणे हेही एक उपादान सांगितले आहे. धन सोडणे सोपे; आपण एकदा बोललेले मत सोडणे कठीण.

कालाम सुत्त तुम्ही विहारात ऐकले असेल. केसपुत्त नगराचे कालाम लोक भगवंतांकडे आले आणि म्हणाले, येथे अनेक श्रमण-ब्राह्मण येतात, प्रत्येकजण आपले मत खरे आणि इतरांचे खोटे म्हणतो. आम्ही गोंधळून गेलो आहोत. तेव्हा भगवंतांनी त्यांना शंका घेतल्याबद्दल दोष दिला नाही. शंका घेण्याजागी तुम्ही शंका घेतली, असे म्हटले. ऐकीव गोष्ट, परंपरा, लोकवार्ता, ग्रंथात असणे, गुरूने सांगणे, यांपैकी कशावरही केवळ तेवढ्यामुळे विश्वास ठेवू नका असे त्यांनी शिकविले. आणि विशेष म्हणजे या यादीत त्यांनी निव्वळ तर्कही घातला. पुराणातली कथा टाकून त्या जागी स्वतःच्या डोक्यातली कथा ठेवली, तर भगवंतांच्या मते आपण फारसे पुढे गेलो नाही. कोणत्या आचरणाने माणसाचे अहित होते आणि कोणत्या आचरणाने हित होते हे स्वतः अनुभवून पाहा, आणि त्याप्रमाणे टाका किंवा स्वीकारा, ही त्यांची कसोटी आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात धम्म काय आहे हे सांगताना धम्म काय नाही हेही त्यांनी सांगितले. दैवी चमत्कारावरील विश्वास हा धम्म नव्हे असे त्यांनी त्यात प्रथम मांडले. आणि पुढे निव्वळ तर्कावर उभारलेली श्रद्धा हाही धम्म नव्हे, असा स्वतंत्र विचार दिला. जगाचा आरंभ कसा झाला, मी पूर्वी कोण होतो, पुढे कोण होणार, असल्या अटकळींवर जो धर्म उभा राहतो, तो माणसाच्या दुःखाकडे पाठ फिरवितो, हा त्यातील आशय. बाबासाहेबांना हे इतके महत्त्वाचे का वाटले असेल? कारण अटकळींच्या राज्यात आपल्या समाजाचे काय झाले, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

विचार करा, समुद्राने दिलेल्या वस्तूचे आपल्या देशात काय होत आले? पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती समुद्रातून वाहून आलेल्या ओंडक्यापासून घडविली गेली, अशी कथा सांगतात. मुंबईच्या महालक्ष्मीची मूर्ती वरळीच्या समुद्रात सापडली, अशी दंतकथा आहे. लाकूड किनाऱ्याला लागणे यात नवल काही नाही. ‘हे कोठून आले?’ हा प्रश्न विचारणे जेथे थांबते, तेथे पुजारी उभा राहतो. आणि एकदा पुजारी उभा राहिला की कोणी आत यावे आणि कोणी बाहेर थांबावे हे तो ठरवू लागतो. अनोळखी वस्तूला देव करणारे हेच मन ओळखीच्या, हाडामांसाच्या माणसाला अस्पृश्य करीत आले. स्पर्शाने विटाळ होतो, हे कोणी तपासून पाहिले होते? कोणीही नाही. ती एक अटकळ होती. हजारो वर्षे ती सत्य म्हणून चालली.

महाडचा इतिहास आठवा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर गावात अफवा उठविण्यात आली की आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. कोणी पाहिले नव्हते, कोणी विचारले नव्हते, तरी जमाव लाठ्या घेऊन धावला आणि आपल्या बांधवांची डोकी फुटली. पाठोपाठ १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. माणसाच्या हाताने पाणी बाटते आणि शेणमूत्राने शुद्ध होते! पुढे प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना तळे बंद असण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, असे सनातन्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने त्यांच्याकडे पुरावा मागितला. मार्च १९३७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की ती रूढी अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही. ‘कशावरून?’ हा साधा प्रश्न लावून धरला, तेव्हा एवढी मोठी भिंत कोसळली. म्हणून तुम्हांला सांगतो, ‘कशावरून?’ हा प्रश्न आपल्या मुक्तीचे हत्यार आहे. ते म्यान करून ठेवू नका.

आता तुमच्या घरात येतो. तुम्ही दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, देव्हारा उतरविला. पण एखाद्या रात्री मुलगी तापाने फणफणते. शेजारची मावशी म्हणते, “देवीचं राहिलं असेल गं. एवढं करून टाक. असलंच काही तर? उगाच विषाची परीक्षा कशाला?” आणि तुमचे मन डळमळते. तुम्हांला वाटते, आपला विश्वास नाही, पण एक लिंबू उतरवून टाकल्याने काय नुकसान होणार? सावधगिरी म्हणून करू.

ही ‘असलंच काही तर?’ची भाषा नव्याने धम्मात आलेल्या घरांना फार छळते. म्हणून तिचे उत्तर नीट समजून घ्या. ग्रीन हेडच्या पोलिसांनीही सावधगिरी बाळगली होती. मग त्या सावधगिरीत आणि लिंबात फरक काय? फरक असा की पोलिसांनी पहारा बसविला आणि त्याच वेळी तपास सुरू केला. तपासात धोका नाही असे दिसताच भीती संपली. लिंबाची सावधगिरी कधीच संपत नाही. मुलगी बरी झाली तर लिंबाने बरी झाली, नाही झाली तर कोंबडे कमी पडले. कोंबड्यानेही झाली नाही तर बोकड. काहीही घडले तरी भगत खराच ठरतो. ज्या गोष्टीला खोटे ठरण्याची वाटच ठेवलेली नाही, ती सावधगिरी नव्हे, ती गुलामी आहे. पूर्वजांच्या गळ्यात मडके होते, ते बाबासाहेबांनी फोडले. ‘असलंच काही तर?’ हे न दिसणारे मडके आपण आपल्या हाताने मुलांच्या गळ्यात बांधावयाचे काय?

शिवाय नुकसान काहीच नाही, हेही खरे नाही. लिंबू उतरविण्यात जी रात्र जाते, ती रात्र दवाखान्याची असते. साप चावलेल्याला मांत्रिकाकडे नेले तर विष थांबून राहत नाही. म्हणूनच महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरविला आहे. पण बंधूंनो, कायदा दारापर्यंत येतो. दाराच्या आत मध्यरात्री निर्णय घेणारी ती आईच असते. त्या आईच्या मनात सम्यक दृष्टी नसेल तर कायदा काय करणार?

आणि हेही ध्यानात ठेवा की तर्कवेड केवळ खेड्यात नसते. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईसारख्या शहरात माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाले अशी बातमी पसरली. हजारो लोक धावले. बाटल्या भरल्या, ते घाण पाणी प्यायले, मुलांनाही पाजले. हे पाणी पिऊ नका, असे महापालिका सांगत होती. पावसाळ्यात वाहून येणारे गोडे पाणी हलके असते, ते काही काळ खाऱ्या पाण्यावर तरंगते, असे कारण तज्ज्ञांनी सांगितले. चमत्काराच्या ओढीने त्या दिवशी शिकलेली माणसेही गेली. म्हणून केवळ शाळा शिकून दृष्टी येते असे समजू नका. दृष्टीला सवय लावावी लागते, रोज, घरात, लहान लहान गोष्टींत.

ती सवय कशी लावावी? घरात मुलाने काही विचारले आणि आपल्याला ठाऊक नसले, तर ‘मला माहीत नाही, आपण शोधून काढू’ असे म्हणण्यास लाजू नका. बापाने मुलापुढे ‘माहीत नाही’ म्हटल्याने बापाचा मान जात नाही. उलट खोटे उत्तर न देणारा बाप मुलाच्या मनात उंच होतो. कोणी गोष्ट सांगितली तर तीन प्रश्न विचारा. कोणी पाहिले? कसे कळले? चूक असेल तर ती कशाने कळून येईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर त्या गोष्टीवर मुलांचे आरोग्य आणि घामाचा पैसा पणाला लावू नका. खात्री नसलेली बातमी पुढच्या घरी पोचवू नका, मग ती आपल्या बाजूची का असेना. धोका दिसला तर आधी माणसांना सुरक्षित करा, मग जाणकाराला बोलवा. आजारात डॉक्टरला, वीजतार तुटली तर वीजमंडळाला, बेवारस वस्तू दिसली तर पोलिसांना. आणि खरे कळल्यावर आपले मत बदलावे लागले, तर ते आनंदाने बदला.

शेजारची मावशी तुमची शत्रू नाही. तिलाही भीतीच वाटते आहे. तिला हसू नका, तिच्याशी भांडू नका. तिला म्हणा, “मावशी, तुमची माया कळते. पण आधी पोरीला दवाखान्यात नेऊ. तुम्हीही चला सोबत.” प्रज्ञेबरोबर करुणा नसेल तर ती प्रज्ञा कोरडी होते, आणि करुणेबरोबर प्रज्ञा नसेल तर ती करुणा पोरीला भगताच्या दारी नेऊन बसविते.

समुद्र यापुढेही अनोळखी वस्तू किनाऱ्यावर टाकीत राहील, आणि आयुष्यही तुमच्या दाराशी अनोळखी दुःखे आणून टाकील. त्यांच्यापुढे हात जोडू नका आणि पळूनही जाऊ नका. जवळ जा, पाहा, विचारा, तपासा. आणि जोवर कळत नाही तोवर ‘अजून कळले नाही’ असे ताठ मानेने म्हणा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे हाच ‘अत्त दीप भव’ या वचनाचा संसारातला अर्थ होय.

नमो बुद्धाय! जय भीम!